वारुळाशेजारचा खुळखुळा

बंगळूरच्या बनशंकरीत आमच्या घराला लागून एक साईट, घर न बांधलेला प्लॉट, रिकामी पडली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मालक परदेशात, म्हणून गल्ली तिथं राडारोडा टाकायची. तो मी एकट्यानं उचलला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला कुणी सांगितलेलं चालतही नाही.

बायकोच्या मांडवावर कारली धरत नव्हती. फुलं यायची नि गळायची. मधमाशी औषधालाही दिसेना. मधमाश्यांचं सगळं चरणं तळ्याकाठच्या रानफुलांवर, आणि ते तळं लॉऱ्या माती टाकून बुजवत होत्या. बुजण्याआधी काठावरचं बी मी ओरबाडून आणलं: कुर्डू, रानतीळ, खुळखुळा. नंतर तिथं काही उरलं नाही. मी चौथी नापास, पण बी कसं टाकायचं ते मला शिकवायला येऊ नये कुणी. वाळूत कालवून उधळलं, पुरलं नाही, नुसतं पायानं दाबलं. सगळं टाकलं.

श्रावणात साईट गुणगुणायला लागली. कारली धरली. खुळखुळ्याच्या शेंगा मात्र अजून हिरव्या होत्या. वाळून वाजायला लागल्या की बी पिकलं म्हणायचं. तोवर हात लागला तर संपलंच.

त्यातच वारूळ वर आलं. शेजारच्या अक्कांना त्यावर सापाची कात दिसली, आणि गल्लीतली दारं दिवेलागणीच्या आधीच लागू लागली.

"अज्जा, फुलं तुम्हाला आणि साप आम्हाला होय?" अक्का म्हणाल्या.

"साप तुमच्या आधीपासून राहतोय इथं."

त्यांचे यजमान, गल्लीचे अण्णा, हसले नाहीत. "नागपंचमीला बायका वारुळाशी जाणार. स्वल्प साफ करावं लागेल."

माझी बायको दारातूनच म्हणाली, "पंचमीला विळा चालवायचा नाही हं. आमच्यात भाजीसुद्धा चिरत नाहीत."

"सरी, बरोबर आहे, अम्मा. आमच्यातही तेच. कापणार नाही."

तरी पंचमीच्या आदल्या दिवशी मी साईटच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. येणारा-जाणारा बघून पुढं जायचा.

पंचमीला मात्र निर्धास्त जेवायला बसलो. ताटात वाफवलेली पुरणाची दिंडं. पहिला घास घेतला आणि उग्र वास आला.

बाहेर अण्णा पाठीला पंप बांधून उभे. त्यांच्या मेहुण्याच्या कॉफीच्या मळ्यात गवत मारायला वापरतात, तो. वारूळ सोडून सगळं ओलंचिंब.

"अण्णा, हे काय केलंत!"

"विळा लावलाय का, अज्जा? बघा तुम्ही. एक काडी तोडली नाही."

मनापासून सांगत होते. नागाला जखम नको, सणही मोडायला नको, म्हणून डोकं लावून काढलेली वाट होती ती.

उन्हं कलली तोवर पानं उकडल्यासारखी झाली. बायका दूध, हळद घेऊन आल्या आणि त्या पानांवरून चालत वारुळाशी गेल्या. माशा येतच होत्या. काळ्या पडलेल्या फुलावर बसायच्या, लगेच उठायच्या, पुन्हा बसायच्या. दुसऱ्या सकाळी खिडकीशी कान दिला. काही नाही.

पुढं कितीतरी दिवस मी जाऊन एकेक शेंग कानाशी हलवून बघायचो. शेंगा वाळल्या, पण आत दाणा भरलाच नव्हता.

पुढच्या श्रावणात साईटवर वारूळ तेवढं होतं, कमरेएवढं झालेलं. बायका सरळ चालत त्याच्यापर्यंत गेल्या. वाटेत अडायला काहीच नव्हतं. आणि इकडं माझी बायको मांडवाखाली कारल्याची गळलेली पिवळी फुलं झाडत होती.