वरकुट्याच्या तात्यांची गिटार

बायकोला माहीत नाही. ज्या ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं वाजवलं, त्यातल्या एकालाही माहीत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही आता राहिले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतोय – तुम्हालाच का, ते विचारू नका, मलाही धड माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूरला एसटी स्टँडजवळ माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लग्नसराईत मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गिटार कसली – प्लायवूडचं धूड. आवाज असा, की पत्र्यावर कोणी खडे टाकतंय. दुकानात मात्र माझा शब्द पक्का होता हो! मी "सेट गेला" म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

एकदा जवळच्या वरकुटे गावच्या तात्यांनी एका दुरुस्तीसाठी घरी बोलावलं. तात्या तरुणपणी बारामतीच्या एका बँडमध्ये वाजवायचे. पुढं घरची मेंढरं गेली, शेती आली, बँड सुटला. गिटार मात्र राहिली – कलकत्त्याची, इलेक्ट्रिक, तीसेक वर्षांची. त्यांनी घोंगडी उलगडून ती बाहेर काढली आणि मी – कसं सांगू? मुलगी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा छाती अशी धडधडली नव्हती. लाल रंग उतरून विटकरी झालेला. जिथं तात्यांचा हात टेकायचा तिथला रंग तर पार उडून लाकूड उघडं पडलेलं, गुळगुळीत. नवी गिटार पुण्यात मिळते. पण हे झिजणं कुठल्या दुकानात मिळतं? मी त्या जागेवर हात टेकवला. अगदी बरोबर बसला. वाटलं, ही माझीच आहे, चुकून इकडं राहिलीय.

स्पीकरला वायर जोडली तरी ती वाजत नव्हती. तात्या म्हणाले, "आमच्या हिनं कदी ऐकलीच न्हाय बघ. मी बारामतीत, ही हितं मेंढरांमागं. एकदा वाजवून दाखवतो, मग मेलो तरी चालंल." त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. त्या दारात पदर सावरत, लाजत उभ्या होत्या. साठीतल्या बाईचं ते लाजणं मला अजून दिसतं.

ऐकली नव्हती, तरी आक्का तिची पूजा करायच्या. दर दसऱ्याला विळे, खुरपी, कुऱ्हाड यांच्या रांगेत गिटारही मांडायच्या. फुलानं पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू वाहायचं. आणि ते कुठं? वायर खोचायचं जे भोक असतं ना – बरोबर तिथं. आवाज तिथूनच बाहेर पडतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग पूजा तिथंच नको का करायला?

मी स्क्रू काढून आत बघितलं. भोकाच्या तोंडाशी हळद-कुंकवाचा थर वाळून घट्ट बसलेला. बाकी सगळं ठणठणीत. टाचणीनं खरवडायचं, पुसायचं – दोन मिनिटांचं काम. मला एका नजरेत कळलं.

आणि मी म्हणालो – "तात्या, पाणी गेलंय. आतलं सगळं कुजलंय. आता न्हाय वाजायची ही."

का म्हणालो? वाजली असती तर तात्यांनी ती मला दिली असती का? एवढंच. दुसरं काही नाही.

पण ते "पाणी गेलंय" कशाला जोडलं? नुसतं "गेली" म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. खोटं खरं वाटावं म्हणून मी ते घातलं, आणि ते नेमकं आक्कांना लागलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्याच हातनं मेली व्हय," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. तात्यांनी ती झिजलेली जागा एकदा तळहातानं पुसली. मग गिटार माझ्या हातात दिली. "घिऊन जा. सुट्टं सामान तरी उपेगाला यील तुला." आक्कांनी ती घोंगडीसकट बांधून दिली. वर चहा पाजला. मी तो प्यालो.

दुकानात आल्या आल्या टाचणी घेतली. वाजली. काय वाजली म्हणून सांगू! थोडी घोगरी, भरदार. मला आनंद झाला, हे लपवत नाही. मग कोणी ओळखू नये म्हणून तिला काळा रंग दिला. ती झिजलेली जागासुद्धा रंगाखाली गेली. जिच्यापायी खोटं बोललो, तीच स्वतःच्या हातानं बुजवली.

पुढच्या वर्षी लोणी भापकरला एका लग्नात दुपारी वाजवत होतो. नवरी तात्यांची भाची निघाली. दोघं पुढच्याच रांगेत बसलेले. एक गाणं संपलं तसे तात्या आक्कांना घेऊन जवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. आक्कांना म्हणाले, "आशीच वाजायची बघ आपली."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी लांबूनच गिटारीला हात जोडले. मग मला म्हणाल्या, "जप रं बाबा हिला. माझ्यासारखीचा हात लागू दिऊ नगं."

गिटार माझ्या गळ्यात होती. मी "व्हय आक्का" म्हणालो, आणि पुढचं गाणं सुरू केलं.