गुलाबी शेवाळावरचा पांढरा डाग

सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं उसाचं रान आहे, पण माझं संशोधनाचं काम मालवणच्या समुद्रात. तिथं तळाच्या खडकांवर दगडासारखं कडक, गुलाबी शेवाळ वाढतं. त्याच्या किती जाती टिकून आहेत, त्याच्या फटींत कोणते खेकडे, कोणत्या गोगलगायी राहतात, हे आम्ही बघतो. गेल्या हिवाळ्यात पाण्याखाली उतरले, तेव्हा एका खडकावर तळहाताएवढा पांढरा डाग दिसला. तिथलं शेवाळ मेलं होतं आणि फटी रिकाम्या होत्या.

घरी आल्यावर वडिलांना फोटो दाखवला. फौजेतून आल्यापासून ते शेतीच बघतात. ते मला नदीकडच्या तुकड्यावर घेऊन गेले. तिथं जादा पाण्यानं मीठ फुटून जमीन पांढरीफटक पडली होती.

"हितंबी आदी एवढंच हुतं," ते म्हणाले. "म्हटलं, एवढ्यानं काय हुतंय? पाणी देत राहिलो."

"मग कळलं कवा, आबा?"

"ऊस उगवायचा थांबला तवा."

उन्हाळ्यात मी पुन्हा त्याच जागी उतरले. खडक जवळजवळ सगळाच पांढरा झाला होता आणि शेजारच्या खडकांवरही डाग पडले होते. वर येऊन होडीत बसले आणि शेजारच्या खडकांवरचा प्रत्येक लहान डागही वहीत नोंदवून ठेवला.