मला आलेलं उत्तर

हे मी गेल्या शनिवारपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी न सांगितलेली गोष्ट आमच्या घरात सापडणं तसं कठीण. बोटीवर असताना मी पाहिलेल्या वादळातल्या लाटा दर दिवाळीला दोन-दोन मीटरनं वाढतात, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. पण ही एक गोष्ट तीन वर्षं तोंडातून बाहेर आली नाही. यावरूनच ओळखा, की ती खरी आहे.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. ते मला सोपं जातं. आम्ही इथे परदेशात, सेंगकांग नावाच्या उपनगरात राहतो. तेव्हा हा फ्लॅट विकून मोठा घ्यायचं माझ्या डोक्यात होतं, आणि एक एजंट म्हणाला होता की शनिवारी आमची माणसं येऊन बघून जातील. शनिवारी लिफ्टपाशी पांढरे शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन तरुण मुलं माझ्याकडे बघून हसली. माझा चष्मा वर घरीच राहिला होता, पट्टीवरचं काही वाचता आलं नाही. मी त्यांना सरळ घरी घेऊन आलो आणि फ्लॅट दाखवायला लागलो. वारा कसा खेळतो, शेजार किती शांत, एलआरटीचा, म्हणजे पुलावरून जाणाऱ्या त्या छोट्या रेल्वेचा, आवाज तर मुळीच येत नाही — तेवढ्यात खिडकीबाहेरून गाडी खडखडत गेली. बाथरूमच्या भिंतीवरचा ओलीचा डाग मी पाठीनं झाकून उभा राहिलो. वीस मिनिटांनी त्यांतला सावळा मुलगा हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाला, की घर फार सुंदर आहे, पण आम्ही घर घ्यायला नाही आलो. चालणार असेल तर येशू ख्रिस्ताविषयी थोडं बोलू का?

माझी बायको मीनल स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसली. मग तिनं आलं घालून चहा आणला, तर ते चहाही पीत नाहीत असं कळलं. शेवटी मायलो दिला, मुलांचं ते चॉकलेटचं पेय.

म्हणजे बघा, ओळखीच्या पहिल्या वीस मिनिटांत मी त्या मुलाशी तीन-चारदा खोटं बोललो होतो. तेव्हा ती गंमत वाटली.

त्याचं नाव एल्डर प्रसाद. ‘एल्डर’ हे मॉर्मन लोकांत धर्मप्रचाराला निघालेल्या मुलांना लावतात. स्वतःचं पहिलं नाव घरी ठेवून यायचं. वय वीस. फिजीचा — पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले, पुढे घर मॉर्मन झालेलं. दोन वर्षं घर सोडून अनोळखी माणसांच्या दारात उभं राहायचं. जोडीदाराशिवाय कुठे जायचं नाही. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, सणाला घरी जाणं नाही. आईशी फोनवर बोलायचं ते आठवड्यातून एकदा, सोमवारी. त्याचा जोडीदार हॅन्सन, अमेरिकेतला, उन्हानं लालबुंद झालेला. हिंदी कळत नसल्यामुळे तो सारखा हसत असायचा.

ते दर गुरुवारी संध्याकाळी यायला लागले. मी येऊ का दिलं? धर्माची ओढ होती का? मला दीड दिवसाच्या वर गणपतीही झेपत नाही. खरं कारण सांगायला लाज वाटते — ते ऐकायचे. पाठ ताठ करून, डोळे मोठे करून, माझं सगळं ऐकायचे. माझी मुलगी माझी दुसरी ओळ संपायच्या आत “पपा, यू एनीहाऊ से लाह”, म्हणजे तुम्ही काहीही ठोकून देता, असं म्हणून हेडफोन लावते. मीनलनं तर सगळी वादळं लहानपणापासून — म्हणजे वादळांच्या लहानपणापासून — पाहिलेली. आणि इथे ही दोन पोरं, मी एडनच्या आखातात इंजिन कसं चालू केलं ते ऐकताना मायलो प्यायचंही विसरायची.

त्यांनी मला एक पुस्तक दिलं होतं. वाचा, मग देवाला विचारा, उत्तर येईल, असं प्रसादनं सांगितलं होतं. दर गुरुवारी तो विचारायचा, मी दर गुरुवारी टाळायचो. सातव्या आठवड्यात तो जरा संकोचत म्हणाला, की अंकल, आम्हाला आणखीही लोकांकडे जावं लागतं, आता रोजचा वेळ जपून वापरायला सांगितलंय.

प्रेक्षक उठून चालले होते. मग मी काय करणार? मी गोष्ट सांगितली.

म्हणालो, रविवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी बसलो, विचारलं. आणि पंखा चालू असूनही त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. छातीवरचं काहीतरी उतरलं. पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. तो हात मी ऐन वेळी घातला. गोष्टीला तिथे एक हात हवा होता.

प्रसाद रडायला लागला. हॅन्सनला इंग्रजीत सांगितल्यावर त्याचेही डोळे भरले. चौदा महिन्यांत प्रसादला कुणीही ‘हो’ म्हटलेलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरवला — पाच आठवड्यांनंतरचा रविवार. मीही मान डोलावली. हो म्हणायचं आणि मग सावकाश मागं सरकायचं, ही आपली जुनी रीत. लग्नाची निम्मी आमंत्रणं आपण अशीच निभावतो. समोरच्यालाही ते ठाऊक असतं. प्रसादला नव्हतं. त्याच्या जगात हो म्हणजे हो होतं.

इथवर थांबलो असतो, तर ही एक फाजील गंमत होऊन राहिली असती.

पुढच्या आठवड्यात एक सोमवार सुट्टीचा होता. त्या दोघांना आम्ही जेवायला बोलावलं होतं, म्हणून प्रसादनं घरचा व्हिडिओ कॉल आमच्याच हॉलमधून लावला. त्याची आई हॉस्पिटलच्या खाटेवर होती. किडन्या काम करत नव्हत्या, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चेहरा सुजलेला, पिवळट. त्यानं फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, अम्मा, हेच ते अंकल. त्या बाईनं उशीवरून दोन्ही हात उचलून जोडले. एका हाताला सुई होती. “भइया,” ती म्हणाली, “हमार लड़का के देखना।”

मी चिंता मत कीजिए म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तो बारीक दिसला. कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. म्हणाला, या सोमवारी अम्मा जास्त बोलली नाही, बाबाच बोलले. इंजिनात बिघाड व्हायच्या आधी आवाजात एक बारीकसा फरक पडतो, इंजिनिअरला तो कळतो. मला कळला होता. आणि मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

मग तो गुरुवार. त्यांच्या इथल्या प्रमुखांनी प्रसादला सांगितलं होतं, की घरी जायचं असेल तर जा, तिकिटाचं आम्ही बघतो, कुणी नावं ठेवणार नाही. दोन दिवस त्यानं प्रार्थना केली होती — थांबण्याचं काही कारण असेल तर दाखव. त्याला एकच कारण दिसत होतं. ते त्याच्यासमोर सोफ्यावर मांडी घालून बसलं होतं.

“अंकल, सच-सच बोलना,” तो म्हणाला. “ऊ दिन आपको जो लगा रहा, ऊ सच में लगा रहा ना?”

हॅन्सन ग्लासातला बर्फ हलवत होता. मीनल आत होती. किती सोपं होतं! एक ‘नाही’. मला त्यानं फार तर थापाड्या म्हटलं असतं, आणि तसं तर सगळेच म्हणतात.

“लगा था, बेटा,” मी म्हणालो.

‘बेटा’ नसतं म्हटलं तरी चाललं असतं.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की खोटं उघडं पडायची भीती वाटली. ते पुरतं खरं नाही. खोटं तसंच ठेवूनही मला त्याला ‘तू जा, तारीख काय, पुढे ढकलू’ म्हणता आलं असतं. ते शब्द जिभेवर आलेही होते. मग का नाही म्हणालो? कारण माझ्यासाठी — माझ्यासारख्या माणसासाठी — कुणीतरी आईकडे जायचं थांबत होतं. आणि मला ते आवडलं होतं. हे असं आहे. याला दुसरं नाव मला सापडलेलं नाही.

तो थांबला. पुढच्या सोमवारी फोनवर नुसता आवाज होता. त्याच्या पुढच्या सोमवारी, बाबा म्हणाले, ती झोपली आहे. बुधवारी ती गेली. माझ्या रविवारच्या चार दिवस आधी.

गुरुवारी ते दोघं ठरल्या वेळेला आले. प्रसादनं नेहमीचाच टाय घातला होता. अंत्यविधी तो फोनवर बघणार होता. आता जाऊन ती थोडीच भेटणार, म्हणाला. मग मलाच धीर दिल्यासारखा म्हणाला, की अम्माला शेवटी त्यानं माझी ती रविवार सकाळची गोष्ट सांगितली होती. पंख्याची, हाताची. तिला फार आवडली होती.

रविवारी सकाळी मी त्याला मेसेज केला, की समोरच्या बाताम बेटावर एक बोट बंद पडली आहे, जावं लागतंय. आणि सेरंगूनच्या मॉलमधल्या फूड कोर्टमध्ये चार तास बसून राहिलो, फोन टेबलावर पालथा ठेवून. उत्तर लगेच आलं होतं, मी ते घरी येताना वाचलं. काही हरकत नाही अंकल, सांभाळून जा, आपण दुसरी तारीख घेऊ.

दुसरी तारीखही मी चुकवली. मग त्याची बदली झाली, मग दोन वर्षं संपून तो घरी गेला. आता तिथे शाळेत शिकवतो. दर दिवाळीला त्याचा मेसेज येतो. या वर्षीच्या मेसेजमध्ये त्यानं लिहिलं होतं, की कधीकधी मनात येतं, मी का थांबलो. मग तुमचं उत्तर आठवतं आणि शांत वाटतं. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गेल्या शनिवारी दुपारी हे सगळं मीनलला सांगितलं. मुलगी क्लासला गेली होती. मीनल टेबलाशी कोथिंबीर निवडत होती. मी एकही लाट वाढवली नाही. माझं सांगून झालं तरी ती काड्या बाजूला काढत राहिली, सगळी जुडी संपेपर्यंत.

“त्यानं मलाही विचारलं होतं,” मग ती म्हणाली. “त्याच गुरुवारी, दारात बूट घालताना. आंटी, अंकल खूप गोष्टी सांगतात, ही खरी आहे ना? मी म्हटलं, बाकी सगळ्याला तो मीठमसाला लावतो रे, पण असल्या बाबतीत खोटं नाही बोलायचा.”