वायसरबंदी

हात न उचलता दांडगट माणसाला वाकवायची विद्या आमच्या बाभुळगावच्या पंपवाल्या चाचांइतकी जगात कोणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. आणि ती त्यांना शिकवली मी. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए.; चाचांच्या फवारणी-पंप दुरुस्तीच्या दुकानात बसून पेपर मोठ्यानं वाचायचो; शिक्षणाचा समाजाला एवढा तरी उपयोग व्हावा! इराकनं कुवेतवर रणगाडे घातले, तेव्हा आर्थिक निर्बंध म्हणजे काय ते मीच समजावलं. "म्हंजे गोळी नाही, फकस्त माल बंद?" चाचा खूश. त्या रमजानमध्ये त्यांनी खजूर सोडला आणि रोजा केळ्यावर उघडला. हा खजूर इराकचा नाहीच, असं व्यापारी शपथेवर सांगत होता. "असू दे. तकलीफ आपल्यालेबी झाली पाहिजे, तवाच बंदी खरी."

मग हे धोरण तालुक्याला लागू झालं. शेजाऱ्याचं पाणी तोडणाऱ्याला नोझल नाही, भावाला मारणाऱ्याला नळी नाही. पंपातल्या चामडी वायसरावर चाचा कानशीनं प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खूण करून ठेवत. एकानं आपला वायसर बंदीतल्या मेहुण्याला दिला. चाचांनी खूण ओळखली आणि दाजीवरही बंदी आली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या बाबांचा नांगर धुरा, म्हणजे मधला बांध, मोडून शेजारच्या कमलाबाईच्या वावरात चार हात घुसला. पुढं कापूस बोंडावर आला, अळी पडली आणि नेमका आमच्या पंपाचा वायसर गेला.

"कोणाच्या पंपाले?" चाचांनी विचारलं.

"आमच्याच."

"तुह्या बापानं धुरा जागेवर नेला काय?"

"चाचा, मी तुमचा गुरू आहो!"

"म्हून तं चहा पाजून राह्यलो. वायसर नाही."

बाबांनी सायकलच्या ट्यूबचा वायसर कापला. पाण्यावर चाचणी घेतली, तर सगळं पाणी त्यांच्याच पाठीवर. तरी म्हणाले, "त्या बुढ्यापुढं झुकत नसतो मी!" इकडे वर्षाचा कापूस हिरव्या बोंडातच किडून चालला होता.

आठव्या दिवशी मी दुकानात तोंड पाडून बसलो असताना कमलाबाई आली.

"चाचा, यायले वायसर द्या."

"काहून? तुह्यासाठीच तं बंदी हाय, बाई!"

"अळीले धुरा दिसते काय? यायच्या वावरातून माह्यात येऊन राह्यली."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. हे कलम माझ्याही अभ्यासक्रमात नव्हतं. मी पेपरात तोंड खुपसलं. चाचांनी सायकल काढली आणि आमच्या वावरात येऊन स्वतः वायसर बसवला. निम्मा कापूस वाचला. दहा बंद्यांना न वाकणारे बाबा कमलाबाईसमोर मान वर करू शकले नाहीत. फवारणी झाल्यावर फावडं घेऊन त्यांनी धुरा पूर्वी होता तिथं घातला.

चाचा जाऊनही बरीच वर्षं झाली. आता पंप बॅटरीचे आले आणि धुऱ्याची भांडणं कचेरीत गेली. दुकानदार मागाल ते मुकाट्यानं देतो. कोणासाठी नेता, म्हणून विचारत नाही. सामान हातात आल्यावरही मी काउंटरपाशी जरासा थांबतो. मागचा माणूस म्हणतो, "सरका ना, सर."