दस्तरखानावरची आमची जागा

हिंगोलीत लोक अजून विचारतात, "चाचा, तुमी मूळचे कुठले?" मी म्हणतो, हिंगोलीचा. "न्हाई, त्याच्या आधीचे?" त्याच्या आधी मी जन्मलोच नव्हतो, काय सांगू?

आमाला तोंडावर सिद्दी म्हणत, पाठीमागं हबशी. आमच्या वाडवडलांना आफ्रिकेतून समुद्रावरनं आणलं आणि मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, फौजेत घोड्यांवर बसवलं. छावणी उठली, घोडी गेली, आमी राहिलो. सगळी मिळून थोडी घरं. माझे चाचा, बापाचे भाऊ, लग्नात नवरदेवाचं घोडं सांभाळायचे, बाकीचे आमी मरफा वाजवायचो. मरफा म्हणजे पसरट पोटाचा छोटा नगारा. आधी कडब्याचा जाळ करून त्याचं चामडं शेकावं लागतं, न्हाईतर नुसतं ढपढप.

मशिदीत आमी सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. पण लग्नात जेवायला दस्तरखानाची लांब चादर पसरली की आमची जागा मांडवाबाहेर, काढून ठेवलेल्या जोड्यांपाशी. तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. त्यात आणि पोरं ओरडायची, "ए, दात दाखव ना!" मोठी माणसं हसायची.

मी तेव्हा विशीतला गडी. आईची बहीण, आमची खाला, नवरा गेल्यापासून आमच्या ताफ्यात गायची. एका उन्हाळ्यात, लगीनसराईच्या तोंडावर, तिनं सगळ्यांना अंगणात बसवलं. म्हणाली, "आता जो ओळीत बसवून जेवू घालंल, त्याच्याच दारात वाजवायचं."

"आणि न्हाई बसवलं तर?" मी विचारलं.

"तर घरी बसायचं. घरातून तर कुणी उठवत न्हाई ना?"

तिनं अंगणात एक रांजण मांडला. रोज संध्याकाळी प्रत्येक घरानं त्यात मूठभर ज्वारी टाकायची. ज्याची चूल अडली त्यानं येऊन घ्यायची. विचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई.

बाजारपेठेतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं लेकीचं लगीन होतं. त्याचा मुनीम सुपारी द्यायला आला, तर खालानं अट सांगितली. मुनीम म्हणाला, "हबशांना लई माज आला."

"आला न्हाई मुनीमजी, होताच," खाला म्हणाली. "आता तुमाला दिसून राहिला."

मुनीम गेला. त्या हंगामात आमाला कुणीच बोलावलं न्हाई. मरफे खुंटीला लटकून राहिले. आमी लाकडं फोडली, गाड्या भरल्या, रांजणात मूठ टाकत राहिलो.

व्यापाऱ्याकडच्या लग्नाच्या दिवशी चाचा घोडं घेऊन गेले. घोड्याचं आधीच ठरलं होतं आणि अट फक्त मरफ्याची होती. थोड्या वेळानं बातमी आली की माझा चुलतभाऊ एकटाच व्यापाऱ्याच्या दारात मरफा शेकून राहिला. त्याची बायको नुकती बाळंत झालेली. घरात दाणा न्हाई आणि रांजणाकडं यायची त्याला लाज वाटली. मी पेटलो. म्हणालो, "त्याचा मरफाच फोडतो."

खाला म्हणाली, "गप. ओली बाळंतीण उपाशी आहे हे आपल्याला कळलं न्हाई, ती चूक कुणाची? रांजण काय शोभेला ठेवलाय?" तिनं ओटीत ज्वारी भरली, आधी त्याच्या घरी नेऊन दिली. मग म्हणाली, "चला. मरफे घ्या."

आमी सगळे जाऊन त्याच्या जाळाभोवती बसलो. त्यानं मान खाली घातली. खाला एवढंच म्हणाली, "सरक जरा, आमाला बी शेकू दे." व्यापाऱ्याला वाटलं, आले हबशी नमून. तो खूश.

नवरदेवाच्या उताऱ्यावरनं वरात निघाली. आमी असं वाजवलं की दुकानं सोडून माणसं रस्त्यावर आली. मांडव दहा पावलांवर आला आणि खालानं हात वर केला. सगळे मरफे एकदम बंद. चाचांनी लगाम धरला. घोडं जागेवर खिळलं.

व्यापारी धावत आला. "काहून थांबले?"

"आमची पानं ओळीत मांडली का?" खालानं विचारलं.

"तमाशा करू नका! जेवणाचं मागनं बघून घेऊ."

"मग आमी बी इथंच बघत उभे राहतो."

मुनीमानं घोड्याला चुचकारलं, मग ढकललं. ते आमच्या चाचांशिवाय कुणाचं ऐकायचं न्हाई. चाचा मिशीला पीळ देत आभाळाकडं बघत होते. ऊन डोक्यावर. वऱ्हाडी कुजबुजायला लागले. नवरदेव फुलांच्या सेहऱ्यात घामानं भिजलेला. शेवटी त्यानंच सेहरा बाजूला केला आणि ओरडला, "अहो, बसवा ना त्यांना! मला बी भूक लागली."

रस्ताभर हशा पिकला. व्यापाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मुंडीनंच हो म्हणाला. मी अडून बसलो, "मुंडी न्हाई, तोंडानं." मग तोंडानं म्हणाला.

खाला पडद्यापलीकडं बायकांत गेली. आमी दस्तरखानावर बसलो, मधोमध. चुलतभावाला मी माझ्या शेजारी ओढलं. आमी बसताच दोन पाव्हणे हात झटकून उठले आणि ताट सोडून निघून गेले. सगळे आमच्याकडं बघून राहिले, आता हे उठतात का म्हणून.

तेवढ्यात पडद्यापलीकडून खालाचा आवाज आला, "अगं, माझ्या ताटात हाडंच काहून? मटणाची बोटी वाढ!"

चुलतभाऊ हसला. उठून गेलेल्या पाव्हण्यांची जागा रिकामीच होती. आमी मांड्या पसरून ऐसपैस बसलो आणि जेवलो.