आग्रहाचं इंग्रजी

बत्तीस वर्षं मी वसमतच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर जरा पाय पसरून बसावं म्हटलं, तर लोक घरी यायला लागले. कुणाला मुलाखत द्यायची असते, कुणाला नर्सिंगच्या परीक्षेत बोलून दाखवायचं असतं. मी कुणाला परत पाठवत नाही. दिवसात चारदोन माणसांच्या चुका काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, असं माझी सून म्हणते. ती फारसं खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षी कुरुंद्याच्या अंगणवाडीतल्या ताई दर रविवारी एसटीने यायला लागल्या. पन्नाशी उलटलेल्या, सडसडीत, पिशवीत नेहमी काहीतरी खायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा बेंगळुरूला नोकरीला. तिथल्याच एका तमिळ मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि दोन महिन्यांनी मुलीचे आईवडील घर बघायला येणार होते. विहिणीला मराठी येत नव्हतं, ताईंना तमिळ येत नव्हतं, आणि हिंदी म्हणाल तर विहिणीची हिंदी नमस्तेपाशीच संपत होती. राहता राहिलं इंग्रजी.

मुलाने फोनवर सांगितलं होतं, आई, तू नुसती हसत बस, बोलायचं मी बघतो. हे सांगताना ताईंच्या डोळ्यात पाणी वगैरे काही नव्हतं.

"पोरगं वाईट न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "पर गावातल्या किती लेकरांना मी बोलायला शिकवलं. आन् आता माझंच लेकरू मला गप बस म्हणून राहिलं."

मला त्या पोराचा रागच आला. दोन महिन्यांत या बाईला बोलतं करायचंच, असं मी ठरवलं.

शब्द त्यांनी भराभर उचलले. सासर, माहेर, हळद, शेत, पाहुणे, सगळं वहीत. 'वेलकम टू अवर होम' तर आठवड्यात असं म्हणायला लागल्या की मीच दारात उभी राहून आत यावं की काय, असं मला वाटे. वाक्प्रचारांपाशी मात्र गाडी अडली. 'फील ॲट होम' म्हणजे आपलंच घर समजा, असं मी सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही. आपलंच घर समजून विहीणबाई स्वयंपाकाला लागल्या म्हणजे, असं त्यांचं म्हणणं.

खरी झटापट झाली ती वाढण्यावरून. मी शिकवलं, 'वुड यू लाइक सम मोअर?' अजून थोडं घेणार का? फार सभ्य वाक्य आहे, माझं आवडतं. ताईंनी ते तीनदा म्हणून बघितलं आणि वही मिटली.

"घरी आलेल्या माणसाला पाहिजे का म्हणून काहून विचारायचं, बाई? व्हय म्हणायला त्याला लाज न्हाई वाटणार?"

मी त्यांना नियम सांगितला. इंग्रजीत एकदा विचारायचं. समोरच्याने 'नो, थँक यू' म्हटलं की हात मागे घ्यायचा. पुन्हा विचारणं म्हणजे असभ्यपणा. मग आम्ही सराव सुरू केला. मी विहीण होऊन पाटावर बसायची, त्या वाढायच्या. मी 'नो, थँक यू' म्हणायची आणि पुढच्या क्षणी माझ्या ताटलीत शेंगदाण्याचा लाडू पडलेला असायचा. जन्मभर ज्या बाईने लेकरांना गोडीगुलाबीने घास भरवले, तिचा हात नकार ऐकून थांबतोय कसला? पालथ्या घड्यावर पाणी. पण मीही काही कमी हट्टी नाही. सहाव्या रविवारी त्यांचा हात मागे गेला. तोवर माझं वजन वाढलं होतं, ती गोष्ट वेगळी.

पाहुणे आले त्या दिवशी ताईंनी मलाही जेवायला बोलावलं. दारात त्यांनी स्वागताचं वाक्य म्हटलं आणि त्यांचा मुलगा बघतच राहिला. विहीणबाई गोऱ्या, ठेंगण्याठुसक्या, गजरा माळलेल्या. दोघींनी हळद, हवा, प्रवास यांवर चार चार वाक्यं बोलून घेतली. मी कोपऱ्यात बसून मनात गुण देत होते.

पंगत बसली. पहिली पुरणाची पोळी संपल्यावर ताई टोपली घेऊन पुढे आल्या. "वुड यू लाइक सम मोअर?"

"नो, थँक यू," विहीणबाई म्हणाल्या.

ताईंचा हात झटक्यात मागे आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली, अगदी पैकीच्या पैकी. व्याह्यांनीही तेच उत्तर दिलं, त्यांच्याकडूनही टोपली मागे फिरली. मुलगा आपला व्याह्यांशी बोलण्यात गुंग.

थोड्या वेळाने मी ताईंच्या मदतीला स्वयंपाकघरात गेले, तर आईवडिलांबरोबर आलेली त्यांची होणारी सून मागोमाग आली. मला बाजूला घेऊन तिने हळूच इंग्रजीत विचारलं, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, असं का वाटलं तुला? ती म्हणाली, आमच्याकडे तीनदा आग्रह झाल्याशिवाय कुणी घेत नाही, आई ताटावर थांबून आहे, तिला वाटतंय इथे आपण नको आहोत.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं शिकवत आले आणि जेवायला कोण येणार आहे, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी आपलं विलायतेचंच घोडं दामटत बसले. दोन आग्रही बाया माझ्या सभ्य वाक्यापायी एकमेकींसमोर अवघडून बसल्या होत्या.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं. मग टोपली उचलून त्या बाहेर गेल्या आणि विहिणीच्या समोरच बसल्या.

विहीणबाईंनी 'ओन्ली हाफ' म्हणत ताटावर हात आडवा धरला. ताईंनी तो मनगटाला धरून बाजूला केला आणि पोळी वाढली. वर तूप.

"ईट," ताई म्हणाल्या. "हाफ नॉट अलाउड."

विहीणबाई हसायला लागल्या. तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी, दर पोळीला भांडून. मग पदराने डोळे पुसत त्या जावयाला इंग्रजीत म्हणाल्या, तुम्ही तर सांगितलं होतं की आईंना बोलता येत नाही.

मुलाने मान खाली घातली. मी ताईंना अर्थ सांगायला पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"समजलं मला, बाई."

त्या विहिणीकडे वळल्या. शब्द जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"ही गुड बॉय," त्या म्हणाल्या. "ही नेव्हर आस्क मी."

मुलगा उठून आईशेजारी येऊन बसला. दोघींचं बोलणं पुढे तासभर चाललं, दोघींचे बाळंतपणाचे दिवस, त्याचं आणि तिचं लहानपण, सगळं. तो ऐकत होता. मध्ये बोलायला त्याला कुणी सांगितलं नाही.