उतारूंच्या घराचे मिस्त्री

दिलेल्या खुर्चीवर मिस्त्री कधी सरळ बसले नाहीत. आधी खुर्ची उचलायची, उलटी करायची, पायांचे सांधे अंगठ्याने दाबून बघायचे आणि मगच टेकायचं. मग तो लग्नाचा हॉल असो, डॉक्टरांचा दवाखाना असो, नाहीतर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस असो. बाईंनी एकदा घाबरून विचारलं, "काय पडलंय का तुमचं?"

"नाय बाय. कोनी बनवली बघतो."

प्लास्टिकच्या खुर्चीला मात्र ते हातही लावत नसत. तिच्याकडे एकदा बघून खाली फरशीवर मांडी घालत.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. शिंप्याला जशी आधी समोरच्याची कॉलर दिसते, तसा आमच्या मिस्त्रींना आधी सांधा दिसायचा. माणूस नंतर.

मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दर मे महिन्यात मिस्त्री शाळेचे बाक दुरुस्त करायला येत, त्यातून आमची ओळख. खाडीपलीकडच्या गावातून सकाळच्या पहिल्या एसटीने ते यायचे, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि कानावर पेन्सिल. पोरांनी बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं आणि बदाम ते माझ्यापेक्षा जास्त बारकाईने तपासत. "या पोराचा हात बरा हाय मास्तर, फकस्त घाई करतो," असा शेरा मारून तो बदाम रंध्याखाली घालत. आमच्या शिपायाने एकदा मोडक्या बाकाला दोन खिळे ठोकले होते. मिस्त्रींनी ते उपटून त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "खिला म्हंजे आलस." तो शिपाई त्यानंतर त्यांना चहा देताना कपाची बशी विसरत असे.

कशाबद्दलही मत विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आदी हात लावा, मंग बोला." नवा दरवाजा असो, बाजारातला फणस असो, की टीव्हीवरचा पुढारी असो. पुढाऱ्याला हात कसा लावायचा, असं मी विचारलं की ते म्हणत, "मंग बोलू पन नका."

आमच्या गल्लीच्या टोकाला ते घर होतं. उतारूंचं घर, असंच सगळे म्हणत. जुन्या काळी बंदरावर मचवे लागायचे, तेव्हा घाटावर जाणारे लोक तिथे मुक्काम करत, असं सांगतात. सगळं सागवानी, दोन मजली, वर कौलं, आणि खाडीच्या बाजूला एक लांब ओसरी. मालक मंडळी पुण्याला आणि परदेशात. खाली एक शिंपी, एक सायकलवाला, वर दहावीचा क्लास. ते घर मिस्त्रींच्या आजोबांनी बांधलं होतं. गल्लीतून जाताना मिस्त्री कोपऱ्यावरच्या खांबावर सपाट हात ठेवत, क्षणभर थांबत आणि पुढे जात. मी ते कितीदा तरी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे. देवळासमोरून जाताना त्यांचा हात कधी वर गेलेला मात्र मी पाहिला नाही.

मग आमच्या गल्लीच्या पुनर्विकासाचं ठरलं. पंधरा-वीस जुनी घरं पाडून तिथे टॉवर येणार होता, सगळ्यांना नवे फ्लॅट मिळणार होते. मलाही मिळणार होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी फार थोर वाटेन. अडचण होती ती उतारूंच्या घराची. ते पाडायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण होतं ते ठेवायचं कुठे यावर. बिल्डरचं म्हणणं, घर सुटं करून कर्नाळ्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून त्याची दुसरी वसाहत उभी राहतेय तिथे नेऊन बसवू, लोकांना बघायला खुलं ठेवू. आम्ही सात-आठ जणांनी समिती काढली. आमचं म्हणणं, घर जागेवर राहू द्या, टॉवर मागे सरकवा. टॉवर मागे सरकला की काही फ्लॅट कमी होत होते, त्यामुळे शेजारीपाजारी आमच्याशी बोलेनासे झाले. दूधवाला तेवढा बोलायचा.

शेवटी वारशाचं काम बघणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी सभा बोलावली आणि सोपा निकष ठरवून दिला. घर न मोडता सुटं होऊन पुन्हा उभं राहणार असेल तर हलवा. राहणार नसेल तर जागेवर ठेवा.

समितीला आनंद झाला. शंभरावर वर्षांचं लाकूड, ते कसलं सुटं होतंय! आमच्यातल्या एका वकिलांनी विचारलं, "पण हे सांगणार कोण?" मी म्हणालो, "माझ्याकडे माणूस आहे." ज्यांच्या आजोबांनी घर बांधलं तेच सांगतील. यावर कोण काय बोलणार होतं?

मी त्यांच्या गावी जाऊन त्यांना सभेचं आमंत्रण दिलं. "मी काय बोलायचं, मास्तर?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "तुम्ही फक्त खरं सांगा." खरं आमच्याच बाजूचं आहे, अशी माझी खात्री होती. घर सुटं होतं का, एवढा एक प्रश्न त्यांना आधी विचारावा, हे मला सुचलं नाही. घराला हातही न लावता मी बोलायला निघालो होतो.

सभेला तोबा गर्दी. मिस्त्री धुवट सदरा घालून आले, सभागृहातली खुर्ची उलटी करून बघितली आणि पहिल्या रांगेत बसले. आधी मी बोललो. पोरांकडून काढवून घेतलेली घराची चित्रं दाखवली. आणि शेवटी ठणकावून म्हणालो, "या घराचे सांधे कुजलेत. हलवायला गेलात तर हातात भुसा येईल."

मिस्त्री उभे राहिले. त्यांची पाळी यायची होती, तरी उभे राहिले.

"सांदे कुजले कोन बोलला?"

"मी," मी म्हणालो.

"हात लावला का तुमी?"

सभागृह हसलं. मिस्त्री हसले नाहीत. ते माझ्याकडे नाही, अधिकाऱ्यांकडे वळले. "सायेब, घर माज्या आज्यानं बांदलाय. एक खिला नाय त्यात. पाचर काढली का खांब सुटला. बोटीवाल्यांचं काम होता त्याचा, सोडायचा आन परत जोडायचा. पावसाला सोडून कदी पन सांगा, मी सोडून देतो. परत उबा पन करतो. एक कूस, सांद्याची जीब, मोडली तर माजी मिशी काडा."

टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून. माझ्या समितीतले दोघे जणही वाजवत होते, चांगलं भाषण झालं म्हणून. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि विषय तिथेच संपला.

बाहेर मिस्त्री माझी वाट बघत उभे होते. चेहरा उजळलेला. "बरोबर बोललो ना मास्तर? भुसा बोलतात, आज्याचं काम!" त्यांच्या लेखी त्यांनी घर वाचवलं होतं. भर सभेत कोणीतरी त्याला कुजकं म्हटलं, आणि त्यांनी ते खोडून काढलं. त्यामुळे घर तिथून जाणार, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"बरोबर बोललात," मी म्हणालो.

मला राग यायला हवा होता. लोकांना वाटलं, आलाच असेल. खरं सांगतो, काहीच आलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल जसा बधिर होतो, तसं वाटत होतं. घरी आलो, जेवलो, दुसऱ्या दिवशी द्यायचे पेपर तपासले.

घर सोडायला बारा दिवस लागले. बिल्डरच्या कंपनीतल्या इंजिनीअर मुलीने प्रत्येक तुळईवर, प्रत्येक वाशावर क्यूआर कोडचे स्टिकर लावले. मिस्त्री तिच्यामागून हिंडत तिला खरे आकडे दाखवत होते. प्रत्येक सांध्याच्या पोटात त्यांच्या आजोबांनी पटाशीने खूण केलेली होती. लिहितावाचता न येणारा माणूस, त्याने अक्षरांऐवजी चित्रं कोरली होती. खाडीकडच्या बाजूला लाट. बाजाराकडे तराजू. तळ्याकडे गोल. देवळाकडे झेंडा. चित्राखाली रेघा, पहिला खांब एक, दुसरा दोन. मी वही घेऊन बसलो आणि त्या सगळ्या खुणा उतरवल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मिस्त्री इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. एका खांबाला चार रेघांच्या जागी पाच होत्या. "आजा चुकला," असं म्हणून ते मिनिटभर हसत बसले. तेराव्या दिवशी कोपऱ्यावर नुसती मोकळी जागा होती आणि तिथून पलीकडच्या गल्लीतला दवाखान्याचा बोर्ड दिसायला लागला होता.

लाकडं पावसाळाभर तळोज्याच्या एका गोदामात राहिली. दमट हवेत स्टिकर गळून पडले. इंजिनीअर मुलगी रडवेली झाली, तिचा मला फोन आला. मी वही घेऊन गेलो, मिस्त्री आले, आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा लागलं. मिस्त्री तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "होतंय पोरी."

दिवाळीनंतर कर्नाळ्याकडच्या त्या जागेवर जोतं तयार झालं. ट्रकमधून खांब उतरले. मिस्त्रींनी पहिला खांब हातात घेतला, त्यावरची लाट बघितली, आणि मान वर करून चारी बाजूंना पाहिलं. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला अर्धवट इमारती, मागे डोंगर.

"खाडी कुनीकडं?" त्यांनी विचारलं.

इंजिनीअर मुलगी म्हणाली, "बाबा, इथे खाडी नाहीये. दर्शनी बाजू गेटकडे घ्या."

"ता बरोबर हाय. पन खाडी कुनीकडं धरायची?"

तिला प्रश्न कळेना. मला कळला. ओसरी वाऱ्याच्या तोंडाला होती, तिकडचे खांब जाड होते, तिकडचं छप्पर खाली उतरलेलं होतं. घराची प्रत्येक काठी कुठल्या तरी शेजाऱ्याकडे तोंड करून उभी राहिलेली होती, आणि इथे त्यातलं कोणीच नव्हतं. मिस्त्री जोत्यावर बसले. कामगार थांबले. अकरा वाजले, बारा वाजले. हात लावून बघावं असं तिथे काही नव्हतं. मला त्यांची दया आली नाही. वाईटही वाटलं नाही. ऊन लागत होतं आणि मला दुपारच्या शाळेला पोचायचं होतं.

"मास्तर, तुमी सांगा."

मी हात वर केला आणि महामार्गाकडे दाखवलं. तिकडेच का, ते मला सांगता येणार नाही.

"मास्तर बोलतात तर तिकडं खाडी," मिस्त्री म्हणाले, आणि कामाला लागले.

घर उत्तम उभं राहिलं. एक कूस मोडली नाही. मिशी शाबूत राहिली. उद्घाटनाला त्यांना शाल दिली, मलाही दिली. वसाहत भरली, तसं मोठं गेट आलं, चौकी आली. घर बघायला येणाऱ्यांसाठी फाटकावर आमच्या समितीतल्या काही जणांचे नंबर देऊन ठेवले होते, त्यातला एक माझा. एकदाही कोणाचा फोन आला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मिस्त्रींचे फोन यायचे. रविवारी, संध्याकाळच्या सुमाराला. मी उचलत नसे. भांडण नव्हतं. काय बोलायचं ते सुचत नसे, आणि न उचलणं सोपं होतं. रिंग थांबेपर्यंत स्क्रीनवरचं नाव बघत बसायचो. मे महिन्यात बाकांसाठी शाळेने दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्याने भराभर खिळे मारले. मिस्त्री गेल्याचं मला शिपायाकडून कळलं, तेही दहा-बारा दिवसांनी. गावी जाऊन यावं असं मनात आलं. मग परीक्षा होत्या.

परवा नववीच्या मुलांना कर्नाळ्याला पक्षी दाखवायला घेऊन जायचं होतं. येताना घरही दाखवावं म्हणून आदल्या रविवारी एकटाच चौकशीला गेलो. चौकीतल्या पहारेकऱ्याने फ्लॅट नंबर विचारला. मी म्हणालो, फ्लॅट नाही, जुनं घर बघायचंय, समितीचा आहे. त्याने माझा फोन नंबर मागितला. मी सांगितला. तो लिहिता लिहिता थांबला.

"हा नंबर तुमचा होय, साहेब? तोंडपाठ झालाय आम्हाला. एक बाबा यायचे दर रविवारी, मिशीवाले. त्यांना त्या घरात जायचं असायचं. यादीतल्या कोणाचं तरी हो लागतं ना. मी नंबर वाचून दाखवायचो, ते त्यांच्या फोनवरून तुमचाच लावायचे."

"मग?"

"तुम्ही उचलायचा नाही. दुसऱ्या कोणाला लावू का विचारलं तर नको म्हणायचे."

मी विचारलं, काही बोलायचे का.

"बोलायचे की. मास्तर शाळेत असतील, म्हणायचे."

"रविवारी?"

"हो, रविवारी," तो म्हणाला. "सहाची एसटी यायची वेळ झाली की उठून जायचे." त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.